मशीन बदललं की माऊस बिघडतो: ब्लेंडर, इंकस्केप, गिम्पमध्ये क्लिक नक्की कुठे अडतं?

ब्लेंडर त्रिमितीय मॉडेलसाठी, इंकस्केप रेषाचित्रांसाठी, गिम्प फोटोंसाठी. या तिन्ही ग्राफिक्स प्रोग्रॅममध्ये माऊसच्या तक्रारी साधारण ठरलेल्या असतात. विंडोजवर ब्लेंडर छान चालत होतं, लिनक्स मिंटवर मात्र ऑल्ट धरून ओढलं की मॉडेल फिरण्याऐवजी अख्खी विंडोच सरकते. मॅकवर झूम उलटा होतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, मधलं बटण दाबून माऊस जरासा हलवला की सगळं दृश्य भोवऱ्यासारखं गरगरतं. मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं जातं, प्रेफरन्सेस पुसल्या जातात, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. जिथे दोष आहे तिथे कुणी हातच घातलेला नसतो, मग तो परत येणारच.

माऊसचं बटण दाबल्यावर ती खबर थेट ब्लेंडरला मिळत नाही. आधी माऊसमधला स्विच, मग ड्रायव्हर किंवा माऊस कंपनीचं युटिलिटी सॉफ्टवेअर, मग ऑपरेटिंग सिस्टीम, लिनक्सवर विंडो मॅनेजर (विंडो हलवणं, लहान-मोठी करणं सांभाळणारा प्रोग्रॅम), मध्ये व्हर्च्युअल मशीन किंवा रिमोट डेस्कटॉप असेल तर ते, आणि सगळ्यात शेवटी आपला प्रोग्रॅम. यातलं कुणीही ते क्लिक स्वतःकडे ठेवून घेऊ शकतं किंवा बदलून पुढे पाठवू शकतं. सरकारी कचेरीत फाइल अडली की आधी ती कुठल्या टेबलावर पडून आहे ते शोधावं लागतं, सरळ मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरून उपयोग नसतो. इथेही तोच क्रम धरा. प्रोग्रॅमच्या सेटिंगला हात लावायचा तो सर्वात शेवटी.

आधी प्रोग्रॅमच्या बाहेर तपासा

मधलं बटण चालत नाही अशी शंका असेल तर ब्राउझर उघडा आणि एखाद्या लिंकवर चाक दाबा, चाक हेच मधलं बटण. लिंक नव्या टॅबमध्ये उघडली म्हणजे बटणाची खबर सिस्टीमपर्यंत पोचते आहे. पण बरेच जण इथेच थांबतात, आणि ही चाचणी अर्धीच आहे. ग्राफिक्सच्या कामात मधलं बटण नुसतं दाबायचं नसतं, दाबून धरायचं असतं. काही युटिलिटी सॉफ्टवेअर चाकाच्या बटणाला 'झूम', 'विंडो बदला' असलं काहीतरी नेमून ठेवतात, काही दाबल्याक्षणी सोडल्याचाही इशारा देऊन मोकळे होतात. अशा माऊसने लिंक कदाचित उघडेलही, पण ब्लेंडरमध्ये दृश्य फिरणार नाही. युटिलिटीत जाऊन त्या बटणाला साधं 'मिडल क्लिक' द्या, नाहीतर युटिलिटी तात्पुरती बंद करून बघा.

लिनक्सवर तपासणी जास्त सोपी आहे, कारण तिथे आत डोकावता येतं. लिनक्सवर पडदा आणि माऊस सांभाळणाऱ्या दोन व्यवस्था आहेत, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड. एक्स११ सेशन असेल तर टर्मिनलमधून 'एक्सइव्ह' (xev) चालवा, त्याच्या छोट्या विंडोवर माऊस न्या आणि एकेक बटण दाबा. १ म्हणजे डावं, २ मधलं, ३ उजवं. चाक वर फिरवलं की ४, खाली फिरवलं की ५. आडव्या स्क्रोलला ६ आणि ७, अंगठ्याजवळच्या मागे-पुढे बटणांना ८ आणि ९. वेलँड सेशन असेल तर हेच काम 'वेव्ह' (wev) नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. त्याच्याही खालच्या थरात बघायचं असेल तर 'लिबइनपुट'चं डीबग-इव्हेंट्स (libinput debug-events) हे साधन प्रशासकाच्या हक्काने चालवावं लागतं.

आता माऊस न हलवता मधलं बटण दाबून धरा आणि यादी वाचा. २ दाबल्याची एक नोंद येऊन पुढे शांतता असेल तर माऊस ठणठणीत आहे. दाबताना मध्येच ४ किंवा ५ उगवत असेल तर दाबण्याच्या जोराने चाकही घसरतंय. अशा माऊसवर दृश्य फिरवताना मध्येच झूमचे झटके बसतात आणि लोक ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालतात. बोट न उचलताही दाबलं-सोडलं-दाबलं अशा ओळी येत असतील तर आतला स्विच झिजलाय. त्यावर सेटिंग नाही, माऊस बदला. डाव्या बटणाचा स्विच झिजला की एका क्लिकचे दोन होतात, आणि इंकस्केपमध्ये वस्तू नुसती निवडायची असते तिथे दोनदा क्लिक झाल्याने भलतंच टूल सुरू होतं.

आमच्यासारख्या सगळ्या प्रकारची मशिन्स एकत्र नांदणाऱ्या लॅबमध्ये आणखी एक चोर असतो: केव्हीएम स्विच. एकच कीबोर्ड-माऊस दोन-तीन मशीनना जोडायला तो वापरतात. त्यातले काही स्विच मशीनला तुमचा खरा माऊस दाखवतच नाहीत, स्वतःच एक साधा माऊस असल्याचं सोंग घेतात. त्यामुळे जास्तीची बटणं गायब होतात. माऊस थेट मशीनला लावून बघितला की पाच मिनिटांत सोक्षमोक्ष लागतो.

ऑल्ट कोण खातं

लिनक्सवरच्या तक्रारींचा मोठा भाग या एका कळीचा आहे. ऑल्ट धरून विंडोत कुठेही पकडलं की विंडो सरकवता यावी ही सोय लिनक्सच्या डेस्कटॉपवर फार जुनी आहे, आणि सवय लागली की सोडवत नाही. पण ती सोय विंडो मॅनेजर पुरवतो, म्हणजे ऑल्ट आणि ओढणं ही जोडी प्रोग्रॅमपर्यंत येतच नाही. सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई या तिन्ही डेस्कटॉपवर मुळात ऑल्टच नेमलेला असतो, आणि लिनक्स मिंटच्या मुख्य आवृत्त्या याच तिघांवर आहेत. ग्नोम या डेस्कटॉपने मात्र सुपर, म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ घेतली. केडीई प्लाझ्माच्या नव्या आवृत्त्यांतही तसंच आहे. म्हणून ग्नोम वापरणाऱ्या उबुंटू लिनक्सच्या नेहमीच्या आवृत्तीवर चालतं आणि मिंटवर चालत नाही, असं चित्र दिसतं.

फटका कुठे बसतो? ब्लेंडरमध्ये ऑल्ट धरून कडेवर क्लिक केलं की त्या कडेचा पूर्ण लूप, म्हणजे तिला जोडून जाणारी कडांची साखळी, निवडला जातो. तीन बटणांच्या माऊसची नक्कल सुरू केली असेल, जी लॅपटॉपवाले हमखास करतात, तर ऑल्ट आणि डावं बटण हेच मधलं बटण होतं. इंकस्केपमध्ये ऑल्ट-क्लिकने वरच्या वस्तूखाली दडलेली वस्तू निवडता येते. गिम्पमध्ये निवडलेल्या भागाची नुसती चौकट ऑल्ट धरून हलवतात. या सगळ्यात विंडो मॅनेजर आडवा येतो.

सिनॅमनवर सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'विंडोज' उघडा. 'बिहेविअर'मध्ये विंडो हलवण्याची खास कळ कोणती ते दिसेल, तिथे सुपर करा. एक्सएफसीईवर 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'मध्ये 'अॅक्सेसिबिलिटी' या टॅबखाली ती आहे. या नावाखाली ती कुणी शोधणार नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. मातेवर कंट्रोल सेंटरमधल्या 'विंडोज'मध्ये. लॅबमधली सेटिंग बदलायची परवानगी नसेल तर ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'इनपुट'खाली नकली मधल्या बटणासाठी ऑल्टऐवजी ओएस की (लिनक्सवर सुपर) निवडता येते. हा पर्याय लिनक्स आणि मॅकवर आहे, विंडोजवर नाही. पण त्याने फक्त दृश्य फिरवण्याचा प्रश्न सुटतो, लूप निवडण्याचा तसाच राहतो. म्हणून माझं मत, डेस्कटॉपचीच सेटिंग बदलावी.

मराठी कीबोर्ड आणि ऑल्ट-शिफ्ट

हा त्रास आपल्याकडच्या लोकांनाच जास्त होतो, आणि इंग्रजीतल्या मदतीच्या लेखांत तो सहसा सापडत नाही. विंडोजवर इंग्रजीबरोबर मराठी कीबोर्डही टाकला असेल तर डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की भाषा बदलते. ब्लेंडरमध्ये दुसरा लूप निवडीत जोडायला नेमकं ऑल्ट-शिफ्ट धरूनच क्लिक करायचं असतं. इतर ग्राफिक्स प्रोग्रॅममध्येही ही जोडी सर्रास लागते. क्लिक बरोबर बसतं, लूपही निवडला जातो, पण तेवढ्यात कीबोर्ड गुपचूप मराठी झालेला असतो. पुढची एका अक्षराची शॉर्टकट दाबली की काहीच होत नाही, आणि 'सॉफ्टवेअर अडकलं' असा निष्कर्ष निघतो. टास्कबारच्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह बघा, तिथेच उत्तर असतं.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, 'टाइम अँड लँग्वेज', 'टायपिंग', 'अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' आणि तिथून भाषेच्या हॉट कीज असा लांबचा रस्ता आहे. शेवटी 'चेंज की सीक्वेन्स'मध्ये भाषा आणि लेआउट दोन्हीपुढे 'नॉट असाइन्ड' करा. विंडोज कळ आणि स्पेस ही जोडी भाषा बदलायला तरीही शिल्लक राहते. लिनक्सवर लेआउट बदलायला तुम्ही ऑल्ट-शिफ्ट नेमलं असेल तर तिथेही दुसरी जोडी घ्या.

मॅकवर काय वेगळं

१९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशला एकच बटण होतं. झेरॉक्सच्या १९७३ च्या आल्टोला तीन होती, आणि युनिक्सच्या वर्कस्टेशनवर तीच पद्धत चालू राहिली. ब्लेंडरचा जन्म अशाच सिलिकॉन ग्राफिक्सच्या वर्कस्टेशनवर झाला, म्हणून त्याच्या रक्तात तीन बटणं आहेत. उलट अॅपलच्या मॅजिक माऊसला आजही मधलं बटण नाही. हे दोघं एकत्र आले की भांडण ठरलेलं.

त्यात मॅजिक माऊसच्या पाठीवर बोट फिरवलं की ब्लेंडरला तो ट्रॅकपॅडवरचा बोटांचा इशारा (जेश्चर) वाटतो. म्हणून झूम होण्याऐवजी दृश्य फिरतं. त्याच मॅकला साधा यूएसबी माऊस लावला की चाकाने व्यवस्थित झूम होतो. दोन्ही वागणुकी ठरवून दिलेल्या आहेत, बिघाड कुठलाच नाही. नको असेल तर प्रेफरन्सेसमधल्या 'इनपुट'मध्ये मल्टी-टच जेश्चर्सची खूण काढा. चाचणी घेणाऱ्याने तरी मॅकवर दोन्ही माऊस वापरून बघावेत, आणि कुठला वापरला ते लिहून ठेवावं.

स्क्रोलची दिशा उलटी वाटते ती २०११ च्या लायन आवृत्तीपासून आलेल्या 'नॅचरल स्क्रोलिंग'मुळे. माऊस आणि ट्रॅकपॅड दोघांच्या सेटिंगमध्ये ती खूण दिसते, पण एका ठिकाणी बदलली की दुसरीकडेही बदलते. ट्रॅकपॅडची सवय मोडायची नसेल तर सिस्टीमला हात न लावता ब्लेंडरच्या 'नॅव्हिगेशन'मध्ये चाकाच्या झूमची दिशा उलटी करा. आणि पुस्तकात कंट्रोल-क्लिक लिहिलं असेल तर मॅकवर जपून, कारण मॅक त्याला उजवं क्लिक समजतो. पुष्कळदा तिथे कमांड लागते.

इंकस्केपबद्दल एक. मे २०२० मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून ते मॅकवर थेट चालतं. त्याआधी एक्सक्वार्ट्झ नावाचा मध्यस्थ लागायचा आणि माऊस-कीबोर्डच्या अर्ध्या कटकटी त्याच्याच होत्या. नेटवर मिळणारे तेव्हाचे उपाय आता करू नका.

चाक फिरवल्यावर काय व्हावं यावर मात्र या प्रोग्रॅमचं आपसातच एकमत नाही. ब्लेंडर आणि चित्रं रंगवायच्या कृतामध्ये झूम होतो, इंकस्केप आणि गिम्पमध्ये पान वर-खाली सरकतं आणि झूमसाठी कंट्रोल धरावं लागतं. हा प्लॅटफॉर्मचा प्रश्नच नाही. इंकस्केपमध्ये प्रेफरन्सेसच्या 'बिहेविअर' विभागात चाकाने थेट झूम करण्याची खूण आहे.

व्हर्च्युअल मशीन आणि रिमोट: इथे चाचणीच खोटं बोलते

एकाच लॅपटॉपवर चार सिस्टीम बसवून ग्राफिक्स सॉफ्टवेअर तपासायचा मोह प्रत्येकाला होतो. पैसे वाचतात, जागा वाचते. पण माऊसच्या बाबतीत त्या चाचणीवर भरवसा ठेवू नका, निदान पुढची गोष्ट समजल्याशिवाय.

ब्लेंडरमध्ये वस्तू ओढताना पॉइंटर कडेला पोचला तरी हालचाल थांबत नाही. प्रोग्रॅम पॉइंटर उचलून समोरच्या कडेला ठेवतो आणि तुम्ही ओढतच राहता. याला तिथे 'कंटिन्युअस ग्रॅब' म्हणतात. हे जमायला माऊसने फक्त 'इतकं डावीकडे, इतकं वर' एवढंच सांगायला हवं. व्हर्च्युअल मशीनमध्ये माऊस सहज आत-बाहेर जावा म्हणून उलट केलेलं असतं. बाहेरची सिस्टीम आतल्या सिस्टीमला पॉइंटरची नक्की जागा कळवते. आता आतल्या ब्लेंडरने पॉइंटर उजव्या कडेवरून डाव्या कडेला ठेवला. पुढच्याच क्षणी बाहेरून निरोप येतो, पॉइंटर उजव्या कडेलाच आहे. ब्लेंडरच्या हिशेबी माऊस एका क्षणात पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला गेला. तेवढंच तो मॉडेलही फिरवतो. पुन्हा उचलून ठेवतो, पुन्हा तेच. गरगर फिरणारं दृश्य ते हेच.

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये वरच्या 'इनपुट' मेनूतून 'माऊस इंटिग्रेशन' बंद करा. मग पॉइंटर आतल्या मशीनमध्ये कोंडला जातो आणि बाहेर यायला होस्ट की लागते, विंडोज किंवा लिनक्सवर ती उजवा कंट्रोल असते. तरी फरक पडला नाही तर मशीन बंद करून सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम'खाली पॉइंटिंग डिव्हाइस 'यूएसबी टॅब्लेट'वरून 'पीएस/२ माऊस'वर न्या. व्हर्च्युअलबॉक्सऐवजी क्यूईएमयू वापरत असाल तर तिथलाही यूएसबी टॅब्लेट काढा. रिमोट डेस्कटॉपवर बहुतेक वेळा यातलं काहीच हातात नसतं. तिथे ब्लेंडरच्या 'इनपुट'मध्ये कंटिन्युअस ग्रॅबचीच खूण काढून कामापुरतं भागवायचं. पेन टॅब्लेटवाल्यांनाही हाच उपाय लागू पडतो, कारण पेनही नक्की जागाच कळवतो.

वेलँडचं प्रकरण याच्या शेजारचं. तिथे कुठल्याही प्रोग्रॅमला पॉइंटर हवा तिथे उचलून ठेवायची मुभाच नाही, सुरक्षेसाठी. त्यासाठी पॉइंटर जागीच रोखून फक्त हालचाल मोजण्याची वेगळी सोय आहे, आणि डिसेंबर २०२२ च्या ३.४ आवृत्तीपासून ब्लेंडर वेलँडवर थेट चालताना तीच वापरतं. म्हणून वेलँडवर पॉइंटर उड्या मारत असेल तर आधी ब्लेंडरची आवृत्ती बघा. लॉगिनच्या वेळी एक्स११ सेशन निवडता येत असेल तर तिथे तीच कृती करून फरक पडतो का पाहा. लिनक्सच्या सगळ्या वितरणांत हा पर्याय आता मिळत नाही.

'माऊस जड चालतो' ही आणखी एक फसवी तक्रार. तपासायची युक्ती सोपी आहे: नजर पॉइंटरवर ठेवा. पॉइंटर लोण्यासारखा फिरतोय आणि मॉडेल मागून येतंय, तर दोष ग्राफिक्सचा आहे, माऊसचा नाही. ब्लेंडर ४.० पासून विंडोज आणि लिनक्सवर ओपनजीएल ४.३ (ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याचं मानक) लागतं, आणि व्हर्च्युअल मशीनचं नकली ग्राफिक्स कार्ड तिथे हमखास कमी पडतं. पॉइंटरच अडखळत असेल तर मात्र वायरलेस रिसीव्हर, बॅटरी आणि यूएसबी हब याच क्रमाने तपासा.

क्लिक भलतीकडे पडतं तेव्हा

लॅपटॉप १५० टक्के स्केलिंगवर (म्हणजे पडद्यावरचं सगळं दीडपट मोठं), बाहेरचा मॉनिटर १०० वर, आणि विंडो एकावरून दुसऱ्यावर नेली की क्लिक दोन बोटं बाजूला पडायला लागतं. दोन्ही पडदे थोड्या वेळासाठी १०० टक्क्यांवर आणा, लॉगआउट होऊन परत या. दोष गेला तर कारण सापडलं. मग विंडोजवर त्या प्रोग्रॅमच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'कंपॅटिबिलिटी'त हाय डीपीआयचं, म्हणजे जास्त घनतेच्या पडद्यांचं, स्केलिंग कुणी करायचं ते बदलून बघता येतं. जुनं गिम्प २.१० अजून वापरात असेल तर मार्च २०२५ मध्ये आलेलं ३.० घ्या. विंडो आणि बटणं काढणारं आतलं जीटीके बदलल्याने जास्त घनतेच्या पडद्यांवर ते बरंच सुधारलंय.

पॉइंटरचा वेग मशीनगणिक वेगळा वाटतो तो अॅक्सलरेशनमुळे, म्हणजे हात भरभर हलवला की पॉइंटर जास्तच पळतो त्यामुळे. विंडोजवर 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद, लिनक्सवर प्रोफाइल 'फ्लॅट', मॅकच्या नव्या आवृत्त्यांत माऊसच्या 'अॅडव्हान्स्ड'मध्ये पॉइंटर अॅक्सलरेशन बंद. तुलना करायची तर तिन्हीकडे हे आधी करून घ्या.

बग नोंदवण्याआधी

वरचं सगळं करून दोष उरलाच तर ब्लेंडर फॅक्टरी सेटिंग्जवर सुरू करून तीच कृती करा. टर्मिनलमधून फॅक्टरी-स्टार्टअपचा (--factory-startup) पर्याय देऊन सुरू केलं तर तुमची जमवलेली सेटिंग शाबूत राहते. दर मशीनवर एकाच क्रमाने जा: नुसतं क्लिक, दाबून धरणं, ओढत विंडोच्या कडेपलीकडे नेणं, मग हेच शिफ्ट, कंट्रोल आणि ऑल्ट धरून, शेवटी चाक हळू आणि चाक भरभर. कडेपलीकडे ओढण्याची चाचणी लोक गाळतात, आणि सर्वात जास्त दोष तिथेच सापडतात.

'लिनक्सवर ऑल्ट चालत नाही' असं लिहिलं तर समोरचा पहिल्यांदा पाच प्रश्न विचारणार आणि आठवडा जाणार. त्याऐवजी असं लिहा: लिनक्स मिंट २२, सिनॅमन, एक्स११ सेशन, थेट मशीनवर, व्हर्च्युअल नाही. ब्लेंडरची आवृत्ती अमुक, फॅक्टरी सेटिंग्ज. यूएसबी माऊस, तीन बटणं, कंपनीची युटिलिटी नाही. विंडो हलवायची कळ सुपरवर नेलेली. एक्सइव्हमध्ये ऑल्टसह बटण १ दिसतं, ब्लेंडरमध्ये लूप निवडला जात नाही. त्याच मशीनवर इंकस्केपमध्ये ऑल्ट-क्लिक चालतं.